मालक बदलला की नाटक बदलते काय?
(किर्लोस्कर मंडळीतील पात्रयोजनेचा एक अभ्यास)

नाटक मंडळी म्हटली की आपण नाटककाराचे नाव घेतो, नाही तर गाजलेल्या नटाचे. मंडळीची नाटके कोण निवडतो आणि कोणते काम कोणाला देतो, हा प्रश्न आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. वास्तविक आमच्याकडे गणेशोत्सवात नाटक बसते तेव्हा पहिले भांडण याच गोष्टीवरून होते. ज्याची वर्गणी मोठी, त्याच्याकडे राजाचे काम! गावच्या नाटकात हे हसण्यावारी नेता येते. परंतु ज्या मंडळीत पन्नास माणसांचे पोट नाटकावर चालते, तेथे चालक बदलल्यावर नाटके आणि भूमिका यांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी किर्लोस्कर नाटक मंडळीइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही, असे मला वाटते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगभूमीवर आले. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर, शकुंतला शंकरराव मुजुमदार अशी ती योजना होती. या नाटकात दोनशेच्या वर पदे आहेत, आणि ती एकाच्या गळ्यात बांधलेली नाहीत. १८८२ च्या 'सौभद्रा'त हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे अर्जुन गातो, नारद गातो, कृष्ण गातो, सुभद्रा आणि रुक्मिणीही गातात. चालीही कीर्तनातल्या, साकी-दिंडीच्या, लावणीच्या, कानडी वळणाच्या, अशा नाना प्रकारच्या आहेत. अण्णासाहेब स्वतः नाटककार, तालीम देणारे आणि चालक. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याच्याकडून घ्यावयाचे, ही त्यांची रीत असावी असे या वाटणीवरून म्हणावयास हरकत नाही.

याच 'सौभद्रा'त बडोद्याकडून आलेला एक नवा मुलगा सुभद्रा झाला. त्याचे नाव भाऊराव कोल्हटकर. त्यांचा जन्म १८६३ चा, म्हणजे त्या वेळी वय अवघे एकोणीस. मंडळीत आधीपासून स्त्रीभूमिका करणारे मुजुमदार होते; तरी नायिकेचे काम नव्या गळ्याकडे गेले. पुढे भाऊराव शकुंतलाही झाले. मुजुमदारांकडे नंतर मंडळीच्या व्यवस्थेचे काम आले व ते त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. स्वतःची भूमिका दुसऱ्याकडे गेल्यावरही मंडळीत टिकून राहणे, आणि ती चालवणे, याला मोठे मन लागत असले पाहिजे. 'रामराज्यवियोगा'त तर भाऊरावांना मंथरेचे काम मिळाले. नायिका म्हणून नावाजलेल्या नटाला कुबडी दासी करणे हे चालकाच्या अधिकाराशिवाय घडत नाही.

अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजी वारले. 'रामराज्यवियोग' अपुरेच राहिले. मंडळीचा कारभार आता नटांच्याच हाती आला आणि त्यांत भाऊराव प्रमुख झाले. ज्याचा आवाज ऐकण्यासाठी लोक तिकीट काढतात तोच चालक झाला, ही मराठीत नव्यानेच घडलेली गोष्ट होती. येथपासून मंडळीला बाहेरून नाटके घ्यावी लागली. गोविंद बल्लाळ देवल हे अण्णासाहेबांच्या तालमीतलेच. त्यांचे 'मृच्छकटिक' आले, 'शापसंभ्रम' आले. भाऊराव वसंतसेना झाले. तोपर्यंत नाटकांची जात जुनीच होती: संस्कृतातली कथा आणि मराठी पदे.

बदल झाला तो १८९६ मध्ये, आणि तो घडवला आपल्या भागाशी संबंध असलेल्या लेखकाने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर पुढे वकिलीसाठी खामगाव व जळगाव जामोद येथे राहिले. 'सुदाम्याचे पोहे' आपण सर्वांनी वाचले आहेत. पण आपल्या जिल्ह्यात राहून गेलेल्या या माणसाने किर्लोस्कर मंडळीचे वळण बदलले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. 'वीरतनय' हे त्यांचे पहिले नाटक. कथा पुराणातली नाही, कल्पित आहे. चाली पारशी नाटकांच्या ढंगाच्या. आणि मुख्य म्हणजे त्यात भाऊराव शूरसेन झाले, म्हणजे नायक! चौदा वर्षे लुगडे नेसून उभा राहिलेला नट तेहतिसाव्या वर्षी पुरुषवेषात आला.

हा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसाचा वाटतो. चालकाने स्वतःच स्वतःची गाजलेली जागा सोडली. यात कलेची जाण किती आणि वाढत्या वयाची जाण किती, याचा वाद घालता येईल. काहीही असले तरी परिणाम दोन झाले. नायिकेची जागा लहान मुलांसाठी मोकळी झाली. आणि नाटककाराला नायकाभोवती कथा गुंफता येऊ लागली. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला देवलांची 'शारदा' झाली. जरठ-बाला विवाहावरचे ते नाटक. त्यात भाऊराव कोदंड होते. 'शारदे'तली शारदा ही लहान मुलगीच दिसली पाहिजे. पस्तीस वर्षांच्या नटाने हट्टाने ते काम स्वतःकडे ठेवले असते, तर ज्या प्रथेवर नाटक बोट ठेवते तिची वेदना प्रेक्षकांना कळली असती काय? मालकाच्या एका निर्णयावर सामाजिक नाटकाचे यशापयश असे अवलंबून असते.

येथे एक परदेशी दाखला द्यावासा वाटतो. पॅरिसच्या ऑपेराची बॅले मंडळी फार जुनी. तेथे नर्तकांच्या पाच पायऱ्या आहेत व शेवटची पायरी 'एत्वाल', म्हणजे तारा. १९८३ मध्ये रुडॉल्फ नुरेयेव्ह हा जगप्रसिद्ध नर्तक या मंडळीचा कलासंचालक झाला. तो स्वतःही नाचत होता. जुनी रशियन नृत्यनाट्ये त्याने आपल्या पद्धतीने बसवली. 'स्वान लेक' हे त्यांपैकी एक. २९ डिसेंबर १९८४ रोजी त्या प्रयोगानंतर त्याने सिल्व्ही गिलेम या मुलीला 'एत्वाल' केले. खालच्या पायरीवर चढून तिला पाचच दिवस झाले होते, आणि वय होते एकोणीस, म्हणजे सुभद्रा झाली तेव्हा भाऊरावांचे होते तितकेच. पायऱ्या न मोजता गुण मोजणारा चालक असला की काय होते, त्याचे हे उदाहरण. मात्र १९८९ मध्ये गिलेमही पॅरिस सोडून लंडनला गेली, आणि त्याच वर्षी नुरेयेव्हचेही संचालकपद संपले.

भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजी गेले. मंडळीचा आवाजच गेला. नानासाहेब जोगळेकर, गणपतराव बोडस ही मंडळी होती, परंतु गाणाऱ्या नायिकेची उणीव भासत होती. १९०५ मध्ये मिरजेस नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला झाला. तेच बालगंधर्व. पुन्हा 'शाकुंतल', पुन्हा नवा मुलगा. देवलांनी त्याला अभिनयाचे धडे दिले.

या काळातील पात्रयोजनेचा नमुना म्हणून खाडिलकरांचे 'मानापमान' पाहावे. प्रयोग १२ मार्च १९११ चा, मुंबईस. धैर्यधर जोगळेकर, भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर बोडस. बोडसांचे बळ गाण्यात नव्हते, बोलण्यात होते; म्हणून लक्ष्मीधर हा बोलून हसवणारा. गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या शास्त्रोक्त गाण्याच्या व ठुमरीच्या अंगाच्या, कारण त्या पेलणारे गळे समोर होते. नाटककार, चाली देणारा आणि नट यांची इतकी चांगली बैठक क्वचितच जमली असेल. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती व तरीही ते उभे राहिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. जोगळेकर त्याच वर्षी निवर्तले.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. आता नायिकाच मालक झाली. तिच्या नाटकांची नावेच पाहा. 'स्वयंवर' (१९१६) रुक्मिणीचे; मग 'द्रौपदी' (१९२०), 'मेनका' (१९२६), 'कान्होपात्रा' (१९३१). भाऊराव चालक झाल्यावर नायिकेकडून नायकाकडे गेले. बालगंधर्वांनी नाटकच नायिकेकडे खेचून आणले. गाणे अपार उंचीवर गेले याबद्दल दुमत नाही, परंतु बरोबरीचा नायक त्या मंडळीत फार काळ टिकला नाही. टेंबे काही वर्षांत गेले, पुढे बोडसही गेले. अपवाद गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा. त्यात सारे नाटक बोडसांच्या सुधाकराभोवती फिरते, आणि भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व फाटके लुगडे नेसून सिंधू होतात. गडकऱ्यांनी मालकाकडे पाहून नाटक लिहिले नाही, म्हणूनच मालकाची सर्वांत मोठी भूमिका त्यात निघाली, असे माझे मत आहे. आमच्या वर्गात या मताला विरोध करणारे पुष्कळ आहेत. ते 'स्वयंवरा'चे नाव घेतात.

बालगंधर्वांच्या तोडीचा धैर्यधर प्रेक्षकांना दिसला तो एका वेगळ्याच निमित्ताने. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले. प्रतिस्पर्धी ललितकलादर्शचे मालक केशवराव भोसले धैर्यधर, आणि बालगंधर्व भामिनी. दोन मालक एकाच नाटकात! तीनच महिन्यांनी केशवराव वारले.

इकडे मूळ किर्लोस्कर मंडळीने काय केले? पहिल्या प्रतीचे नट गेलेले, नाव तेवढे राहिलेले. तिने १९१४ मध्ये पुन्हा तेच केले: एक नवा मुलगा घेतला. दीनानाथ मंगेशकर त्या वेळी जेमतेम तेरा वर्षांचे होते. त्यांच्या गळ्यावर मंडळीने काही वर्षे काढली. १९१८ मध्ये दीनानाथांनी चिंतामणराव कोल्हटकर यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली आणि वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच ते मालक झाले. पुढल्याच वर्षी गडकऱ्यांच्या 'भावबंधना'त ते लतिका म्हणून उभे राहिले.