विजेच्या साह्यानें त्वचेंतून औषध

औषध शरीरांत पोंचविण्याचे आपणांस ठाऊक असलेले मार्ग मुख्यतः दोन: तें पोटांत घ्यावें किंवा सुईनें टोंचून घ्यावें. पोटांत घेतलेलें औषध यकृतांतून जातांना पुष्कळदां निकामी होतें. सुईविषयीं तर विद्यार्थ्यांस कांहींच सांगावयास नको. मलम चोळून काम भागावें, परंतु तेथें त्वचाच आड येते. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर तळहात व तळपाय सोडल्यास बहुधा कागदाहूनहि पातळ असतो. तरी क्षारांस तो सहसा आंत येऊं देत नाहीं.

मिठाच्या पाण्यांत विजेचीं दोन अग्रें बुडविलीं असतां काय होतें तें आपण प्रयोगशाळेंत पाहतों. मिठाचे धनभारित कण ऋणाग्राकडे व ऋणभारित कण धनाग्राकडे जाऊं लागतात. अनेक औषधांचेहि पाण्यांत असेच भारित कण, म्हणजे आयन, होतात. तेव्हां औषधांत भिजविलेली घडी त्वचेवर ठेवून तिजवर औषधाच्याच भाराचें अग्र लावलें व दुसरें अग्र कांहीं अंतरावर ठेविलें, तर सम भार सम भारास दूर लोटतो या नियमानें औषध आंत ढकललें जातें. घामाच्या नलिका व केसांचीं छिद्रें ह्या त्याच्या मुख्य वाटा. या क्रियेस आयन्टोफोरेसिस असें नांव आहे.

फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर स्तेफान लेद्युक यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं याचा जो पुरावा दिला तो निर्दय खरा, पण निःसंशय होता. त्यांनीं दोन ससे एकाच विद्युन्मंडलांत जोडले. पहिल्याच्या अंगावरील धनाग्राखालीं काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हें विष, दुसऱ्याच्या ऋणाग्राखालीं सायनाइड, व उरलेल्या दोन्ही अग्रांखालीं निर्विष घड्या होत्या. प्रवाह सुरू होतांच पहिला ससा आंचके येऊन व दुसरा सायनाइडनें मेला. प्रवाहाची दिशा उलट केली असतां मात्र तींच विषें तशींच लावूनहि सशांस अपाय झाला नाहीं.

औषधाची मात्रा प्रवाह व वेळ यांच्या गुणाकारावरून मोजतात: ४ मिलिअँपिअर १० मिनिटें किंवा २ मिलिअँपिअर २० मिनिटें, मात्रा एकच. एका चौरस सेंटिमीटरास साधारणतः अर्ध्या मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह देत नाहींत. धनाग्रापाशीं आम्ल व ऋणाग्रापाशीं अल्कली उत्पन्न होऊन त्वचा भाजूं शकते. म्हणून प्रयोगशाळेंतील बॅटरी घेऊन कोणीं हा प्रयोग स्वतःवर करूं नये. शिवाय मोठ्या रेणूंचीं औषधें या वाटेनें फारशीं जात नाहींत.

या युक्तीचा सर्वांत मोलाचा उपयोग, आमच्या मतें, औषधोपचारांत नसून निदानांत आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगांत मुलांच्या फुप्फुसांत चिकट कफ सांचतो व घाम फार खारट होतो. घाम तपासावा, तर तान्ह्या मुलास घाम आणावा कसा? पूर्वीं त्यास उष्णतेंत गुंडाळून ठेवीत. तें धोक्याचें असे. १९५९ सालीं गिब्सन व कुक यांनीं पायलोकार्पिन हें घाम आणणारें औषध विजेनें त्वचेंत घालण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचे कण धनभारित, म्हणून तें धनाग्राखालीं ठेवितात. पांच मिनिटें मंद प्रवाह दिला कीं तेवढ्याच जागीं घाम सुटतो. मग अर्धा तास तो टिपून घेतात. त्यांत दर लिटरास ६० मिलिमोल किंवा अधिक क्लोराइड भरलें, तर रोगाची शंका बळावते, व पुन्हां तपासून खात्री होतांच मुलाच्या फुप्फुसांचे उपचार सुरू करितां येतात. सुई एकदांहि टोंचावी लागत नाहीं.