राईस मिलचा कोंडा बॉयलरला द्यायचा का? आधी पक्ष्याचं पोट समजून घ्या

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. गावोगावी राईस मिल, कोंडा स्वस्त. ब्रॉयलरच्या खर्चात ६५ ते ७० टक्के खर्च खाद्याचा, म्हणून मनात येतं, कोंडा मिसळला तर?

पोटात काय होतं?
कोंड्यातला तंतू, म्हणजे फायबर, कोंबडीला स्वतःला फारसा पचत नाही. आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात. तिथले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात. ते आतड्याच्या अस्तराचं अन्न, शिवाय साल्मोनेलासारख्या जंतूंना अटकाव. थोड्या जाडसर तंतूने दाणे दळणारं गिझार्डही मजबूत होतं.

पण एक दिवसाच्या पिल्लात हे जिवाणू जवळजवळ नसतात, ते हळूहळू वसतात. म्हणून पहिले दोन आठवडे वरून कोंडा नकोच. नंतरही एकूण खाद्यात क्रूड फायबर ५ टक्क्यांच्या आत ठेवा. जास्त झालं की खाद्यातली ऊर्जा घटते आणि पक्षी तेवढ्याच वजनासाठी जास्त खातो.

हिशोब करू या (आकडे उदाहरणासाठी)
१,००० पक्षी, प्रत्येकी २ किलो. एफसीआर १.६ असेल तर खाद्य ३,२०० किलो. ४० रुपये दराने १,२८,००० रुपये.
आता १० टक्के कोंडा घातला, दर २० रुपये, आणि एफसीआर १.८ वर गेला. खाद्य ३,६०० किलो, खर्च १,३६,८०० रुपये. स्वस्त कोंड्याने ८,८०० रुपये खाल्ले!

मग काय करायचं?
१. हलर मिलच्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं. तूस खाद्यात नको, ते लिटरसाठी वापरा.
२. कोंडा ताजाच घ्या. त्यातलं तेल लवकर खवट होतं.
३. खाद्याचं फायबर प्रयोगशाळेत तपासून घ्या.
४. आधी ५० पक्षी वेगळे ठेवा, दर आठवड्याला वजन आणि खाद्य वहीत लिहा.
५. कंपनीशी करार असेल तर त्यांच्या खाद्यात काहीच मिसळू नका.

लक्षात ठेवा, पोत्याचा भाव बघून खरेदी करू नका. एक किलो वजन वाढवायला किती रुपये लागले, तोच खरा भाव. तुमच्या शेडचा एफसीआर किती येतो? कमेंटमध्ये नक्की लिहा.