चोच तुटलेल्या कोंबड्याचं ताट

प्रश्न : आमच्या घरी एक गावठी कोंबडा आहे, नाव सरदार. चार दिवसांपूर्वी कुंपणाच्या तारजाळीत अडकून त्याच्या वरच्या चोचीचं टोक तुटलं. रक्त थांबलं आहे, पण दाणे टिपता येत नाहीत. टोचा मारतो आणि दाणा तिथेच राहतो. सासरे म्हणतात, आता हा कशाच्या कामाचा? धाकटी मुलगी मात्र ऐकायला तयार नाही. इथल्या एका पोल्ट्रीत पिल्लांच्या चोची मुद्दाम कापताना मी पाहिलं आहे. त्या कोंबड्या तर छान खातात, अंडी देतात. मग आमच्या सरदारला का जमत नाही? चोच नखासारखी परत वाढते का? आणि हल्ली कृत्रिम चोच बसवतात म्हणे, ते खरं का?
– एक वाचक, नवापूर

उत्तर : पोल्ट्रीचा दाखला तुम्ही नेमका दिला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. अंड्यांच्या फार्मवर पिल्लू आठ-दहा दिवसांचं झालं की तापलेल्या पात्याच्या यंत्राने चोचीचा शेंडा कापतात. दाटीवाटीत कोंबड्या एकमेकींना टोचून रक्तबंबाळ करतात, ते टाळायला हा उपाय. या कोंबड्या खातात कारण त्यांचं खाद्य म्हणजे पिठासारखा भरडा असतो, आणि तो त्यांच्या नाकासमोरच्या लांब पन्हळीत सतत भरलेला असतो. चोच आत बुडवायची, की घास आला. जमिनीवरचा एकेक दाणा चिमटीत धरून उचलायची वेळ त्यांच्यावर येत नाही. सरदारचा सगळा संसार मात्र त्या चिमटीवर चालतो. अंगणातली ज्वारी, मुंगी, गवताचा कोवळा शेंडा, उकिरड्यातली अळी, सगळं टिपून खायचं. चिमट्याचं एक टोक आखूड झालं, तर दाणा निसटणारच.

त्या ‘छान खातात’मध्येही थोडी गफलत आहे. एडिंबरोजवळच्या संशोधन संस्थेत मायकेल जेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात चोच कापलेल्या कोंबड्यांच्या नसा तपासल्या. कापलेल्या जागी नसांच्या गाठी झालेल्या होत्या आणि त्या गाठींमधून विचित्र संदेश निघत होते. अवयव कापलेल्या माणसांना ठणका लागतो त्याच्याशी या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध जोडला. स्वीडन आणि नॉर्वेने तर चोच कापण्यावर बंदीच घातली आहे. पिल्लाची जखम लवकर भरते आणि त्रास कमी होतो हे खरं, पण सरदार पिल्लू नाही.

आता नखाचा प्रश्न. चोच म्हणजे नुसतं नख नव्हे, नखासकट बोटाचा शेंडा म्हणा. बाहेर आपल्या नखाच्याच जातीचं कठीण आवरण, त्याखाली रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला नाजूक थर, आणि आत हाड. आवरण आयुष्यभर वाढत राहतं आणि घासून झिजत राहतं, त्यामुळे नुसतं आवरणाचं टोक गेलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ते बरंचसं भरून येईल. आतलं हाडच तुटून गेलं असेल तर ते परत येणार नाही. मग उरलेल्या भागावर आवरण चढेल आणि चोच कायमची आखूड राहील.

यातलं काय झालं आहे ते घरी बऱ्यापैकी कळतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडा शांत असतो, तेव्हा त्याला जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळा. छाती मात्र आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट धरलेला कोंबडा हातातच गुदमरू शकतो. चोच फिक्या रंगाची असेल तर एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने पाहा. जिथवर रक्त खेळतं तो भाग लालसर दिसतो, पुढचं निर्जीव टोक पिवळट पारदर्शक. (कडकनाथवाल्यांना ही सोय नाही, तिथे सगळंच काळं.) तुटलेल्या कडेला ओलसर गुलाबी मांस दिसत असेल तर नाजूक थर उघडा पडला आहे. मधोमध पांढुरका कठीण ठिपका दिसला तर ते हाड, आणि मग दवाखाना गाठायचाच. एखादा तुकडा लोंबत असेल तर तो ओढू नका. ताजा असेल तर पशुवैद्य कधी कधी तो जागेवर बसवू शकतात.

रक्त थांबलं आहे हे उत्तम, पण जाळी तीच आहे आणि कोंबडाही तोच, म्हणून पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवतो. दोन किलोच्या कोंबड्यात रक्त असतं जेमतेम दीडशे मिलिलिटरच्या आसपास. आपल्याला ‘थोडंसं’ वाटणारं रक्त त्याला थोडं नसतं. स्वच्छ फडकं किंवा कापूस काही मिनिटं न उचलता दाबून धरा, वर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावा. कोरडी हळद लावायलाही माझी हरकत नाही. तेलात कालवलेली नको, ते तेल नाकपुड्यांत आणि पिसांत उतरतं. चुना, रॉकेल, विडीची राख हे जुने प्रकार नकोतच. आता रोज एकदा उकळून गार केलेल्या मिठाच्या सौम्य पाण्याने जखम धुतलीत की पुरे.

खरी शुश्रूषा आहे ती ताटात. सरदारला सध्या दाणा टिपता येत नाही, मग दाणा टिपायची गरजच ठेवायची नाही. पसरट परात बाजूला ठेवा आणि खोलगट वाटी किंवा लहान घमेलं घ्या. त्यात चार बोटं जाडीचा ओला भरडा भरा. मक्याचा भरडा, तांदळाच्या शिजवलेल्या कण्या, दादर ज्वारीची जाडसर भरड, जे घरात असेल ते, लापशीहून घट्ट आणि भाकरीच्या पिठाहून सैल असं भिजवायचं. त्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाला. कोंबड्याला अंडं खायला घालायचं म्हटलं की लोक दचकतात, पण भरून येणाऱ्या जखमेला प्रथिनं लागतात आणि इतकी मऊ, सोयीची प्रथिनं दुसरी नाहीत. तुमच्याकडे तुरीच्या डाळीचा तोटा नसावा, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. ती मऊ शिजवून, मीठ-फोडणीशिवाय, थोडी मिसळली तर चालते. वाटी जड हवी, किंवा विटांमध्ये बसवलेली, कारण आखूड चोचीचा कोंबडा उरलेल्या भागाने खाद्य खालून वर उपसतो आणि हलकी वाटी उलटते. ओलं खाद्य उन्हात दोन-तीन तासांत आंबतं, म्हणून थोडं थोडं, तीन-चारदा द्या.

नवापुरात लेअर फीड सहज मिळतं आणि भरड असल्याने ते सोयीचंही वाटेल. चार-आठ दिवस ठीक. महिनोन् महिने मात्र नको. अंड्याच्या कवचासाठी त्यात कॅल्शियम भरपूर घातलेलं असतं, आणि अंडी न देणाऱ्या कोंबड्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. दुकानात ग्रोअर मागा.

पाण्याचं भांडंही खोल हवं. कोंबडी पाणी ओढून पीत नाही, चोचीत भरून घेते आणि मान वर करून गळ्यात सोडते. तुटक्या चोचीत पाणी ठरत नाही, म्हणून निम्मी चोच बुडेल इतकं पाणी ठेवा. नाकपुड्या बुडू देऊ नका. कळवळून कुणी ड्रॉपरने किंवा सिरिंजने तोंडात पाणी सोडायला गेलं तर त्याला अडवा. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे उघडतं, आणि या मायेपायी बरे होत आलेले पक्षी दगावतात. फार तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, तो आपणच गिळेल.

पोटात किती गेलं ते कसं ओळखायचं? वाटीभोवती सांडलेल्या खाद्यावरून तर मुळीच नाही. गळ्याच्या तळाशी, थोडी उजवीकडे, धान्य साठवायची पिशवी असते. रात्री ती हाताला भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, सकाळी रिकामी. विष्ठा थोडी आणि हिरवीगार पडत असेल तर पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतं आहे. घरात वजनकाटा असेल तर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. दहावा हिस्सा घटलं, किंवा पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, तर थांबू नका. नळीने खाद्य देणं पशुवैद्याचं काम आहे.

त्याला काही दिवस वेगळं ठेवा. लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचतात, त्यात त्यांची लाडकी-नावडती अशी काही भानगड नसते. पण घरामागे एकटा डांबू नका. बाकीचा कळप दिसेल अशा जागी मोठं डालगं ठेवा, म्हणजे परतल्यावर त्याची जागा कुणी बळकावून मारामारी होणार नाही. डालग्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाकलात तर उत्तम. माश्या जखमेत अंडी घालतात हे तुम्हाला माहीत असेलच. कोंबड्यांच्या देवीचा विषाणू डासांच्या चाव्यातून आणि उघड्या जखमेतून शिरतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

चोचीचं दुसरं काम लोक विसरतात, ते म्हणजे पिसं साफ करणं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचं तेल चोचीने घेऊन कोंबडा पिसांना लावतो आणि उवा वेचतो. वरची चोच आखूड झाली की हे थांबतं, आणि पंधरवड्यात शेपटीखाली, पिसांच्या बुंध्याशी उवांच्या अंड्यांचे पांढरे घट्ट पुंजके दिसू लागतात. आठवड्यातून एकदा पिसं उलटून पाहा, आणि चुलीची गार, चाळलेली राख व कोरडी माती मिसळून त्याला लोळायला द्या. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या विलोबँक प्राणिउद्यानात ब्रूस नावाचा किया जातीचा पोपट आहे, त्याला वरची चोच जवळजवळ नाहीच. तो जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये लहानसा खडा धरतो आणि त्या खड्याने पिसं विंचरतो. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी हे नोंदवून प्रसिद्ध केलं. सरदारकडून एवढी अपेक्षा नको. त्याला राख पुरे.

औषधांबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. दुखतं आहे म्हणून घरातली माणसांची गोळी कुस्करून देऊ नका. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांचं मांस खाणारी आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन जवळजवळ संपली, आणि २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. पक्ष्यांचं शरीर या औषधांपुढे वेगळं वागतं. वेदनाशामक असो की अँटिबायोटिक, मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

२००६ हे साल नवापूरकरांना दुसऱ्याच कारणाने पाठ असेल. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला देशातला पहिला बर्ड फ्लू तुमच्या गावात जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचं निदान केलं, आणि पुढच्या काही दिवसांत फार्मवरचे आणि घरोघरचेही मिळून लाखो पक्षी मारून पुरले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा तेच दिवस आले. म्हणून तुमच्या गावात ‘कोंबडा आजारी आहे’ हे वाक्य सहज बोललं जात नाही, आणि ते योग्यच आहे. तारेत अडकून तुटलेली चोच हा अपघात, तिची धास्ती नको. पण तोंड सुजलं, तुरा निळा-जांभळा पडला, नाकातोंडातून पाणी येऊ लागलं आणि आसपास पटापट पक्षी मरू लागले, तर घरगुती उपचार तिथेच थांबवायचे, पक्षी हलवायचा नाही आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. जखम धुतल्यावर साबणाने हात धुणं मात्र रोजचंच, मुलीचेही.

कृत्रिम चोचीचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. अलास्कात गोळी लागून वरची चोच गमावलेल्या ब्यूटी नावाच्या गरुड मादीला २००८ मध्ये अमेरिकेत कृत्रिम चोच बसवली गेली. कोस्टा रिकातल्या ग्रेसिया नावाच्या टूकन पक्ष्यालाही थ्रीडी प्रिंटरवर घडवलेली चोच मिळाली. ती चोच उरलेल्या बुंध्यावर चिकटवावी लागते, आणि बुंधा तर वाढत असतो, त्यामुळे ती ढिली पडते. मांस फाडून खाणाऱ्या गरुडाला तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. ओला भरडा खाणाऱ्या कोंबड्याला तेवढा खटाटोप कशाला?

त्यापेक्षा खालच्या चोचीवर लक्ष ठेवा. वरची आखूड झाल्यामुळे खालचीला घासायला काही उरत नाही, आणि ती सुपासारखी पुढे वाढत जाते. महिन्या-दोन महिन्यांनी तिचं निर्जीव टोक कानशीने किंवा नखांच्या घासणीने थोडं थोडं घासावं. कापायची असेल तर पहिल्यांदा दवाखान्यात करून घ्या आणि नीट पाहून ठेवा.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. सरदार बांग देईल, घार दिसली की ओरडेल, आणि चांगलं काही सापडलं की ते उचलून-टाकून, विशिष्ट आवाज काढत कोंबड्यांना बोलावणंही सोडणार नाही. हा शेवटचा चाळा परत सुरू झाला की समजा, गडी सावरला. एका कामात मात्र तो कमी पडू शकतो. जुगताना कोंबडा मादीच्या मानेची पिसं चोचीत धरून तोल सांभाळतो. पकड सुटली की तो घसरतो, आणि रवणीवर ठेवलेल्या अंड्यांतली बरीच पोकळ निघतात. पिल्लं हवी असतील तर सासऱ्यांनी खुशाल शेजारचा कोंबडा काही दिवस मागून आणावा. फक्त तो आवारात असेपर्यंत सरदारला डालग्यात ठेवा, आणि त्याआधी कुंपणाची ती जाळी बदलून घ्या.