पाठकोरे कागद

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलाचे उपचार साधारण अडीच-तीन वर्षे चालतात. तेवढ्या काळात त्याच्या फाइलमध्ये हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल, प्लेटलेट यांचे शेकडो आकडे जमतात. आईच्या मनःस्थितीसाठी मात्र तीत एकही रकाना नसतो, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून कित्येक वर्षे मला ही उणीव जाणवलीही नव्हती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहावयास बसविले. काहींना किरकोळ विषय दिले. इतरांना आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. ज्यांनी घटना व भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहून उठताना अधिक खिन्न होते. परंतु पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्रातील त्यांच्या फेऱ्या घटल्या. पुढे पेनेबेकर यांना असेही आढळले, की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता उमजते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ अधिक झाला. नुसती वाफ दवडणे आणि घडलेल्याची संगती लावणे यांतला हा फरक आहे.

कर्करोगाच्या बाबतीत ॲनेट स्टँटन यांचा २००२ सालचा अभ्यास महत्त्वाचा आहे. प्राथमिक अवस्थेतील स्तनाचा कर्करोग झालेल्या ज्या स्त्रियांनी मनातील खोल विचार व भावना लिहिल्या, त्यांनी ३ महिन्यांनंतर कमी शारीरिक तक्रारी नोंदविल्या. मात्र ज्यांचा स्वभाव आजाराचा विचारच टाळण्याचा होता, त्यांना भावना उकरण्यापेक्षा आजारातून जे काही चांगले हाती लागले ते लिहिणे अधिक मानवले. सर्वच अभ्यासांचा कौल इतका अनुकूल नाही. झकारिया व ओटूल यांनी २०१५ मध्ये कर्करुग्णांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सरसकट परिणाम आढळला नाही. काही विशिष्ट रुग्णांना थोडा लाभ होत असावा, एवढेच म्हणता आले. लिहिल्याने गाठ विरघळत नाही, की न्यूट्रोफिल वाढत नाहीत. ‘मनात दाबून ठेवलेत म्हणून कर्करोग झाला’ असे रुग्णाला सुनावणे तर क्रौर्यच आहे, आणि आपल्या बैठकींतून ते सर्रास ऐकू येते.

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या एका सहा वर्षांच्या मुलाचे उपचार मुंबईला टाटा रुग्णालयात चालू होते. दोन फेऱ्यांमधील रक्ततपासण्या माझ्याकडे होत. आई फक्त आकडे विचारी. मी तिला शंभर पानी वही दिली आणि मनात येईल ते लिहिण्यास सांगितले. पुढच्या भेटीत सहज म्हणालो, “पाहू बरं, काय लिहिलंत?” तिने वही पुढे केली. सुवाच्य अक्षरात औषधांच्या वेळा, तापाचे आकडे आणि शेवटी डॉक्टरांचे आभार! मी कौतुकही केले.

उपचार संपल्यावर ती एकदा म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ती वही तुमच्यासाठी होती. माझं लिहिणं वेगळं होतं.” मुंबईला जाताना अवंतिका एक्सप्रेसमध्ये मुलगा झोपला, की ती जुन्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत असे आणि भरूचजवळ नर्मदेचा पूल येण्याआधी कागदाचे तुकडे करीत असे. “त्यात एक वाक्य असं होतं, की कोणी वाचलं असतं तर मला तोंड दाखवता आलं नसतं. लिहिलं, फाडलं आणि दादरपर्यंत झोपले.” ते वाक्य कोणते, हे मी विचारले नाही. मुलाच्या आजारात आई काय काय विचार करू शकते, याची कल्पना आपल्या व्यवसायात कोणालाही यावी.

तेव्हापासून मी वही देत नाही आणि काय लिहिले हे कधीच विचारीत नाही. निदानाच्या पहिल्या धक्क्यात हा विषय काढीत नाही. त्या दिवसांत शेजारी बसणारे माणूस हवे असते. पुढे तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे एवढेच सुचवितो. हिंदी-मराठी-माळवी यांची सरमिसळ चालेल, शुद्धलेखन पाहायचे नाही (शिक्षकाचा मुलगा असल्याने हे सांगताना मला थोडे जड जाते), एखादा विषय सोसवेनासा झाला तर तो तिथेच सोडायचा. लिहून झाल्यावर तासाभरात मन पूर्वपदावर आले नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे निघाले, तर लेखन थांबवून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवितो. लहान मुलांना कागद-रंग पुरतात. चौदा-पंधरा वर्षांची मुले लिहितात, परंतु आईवडील चोरून वाचतील ही भीती त्यांना असते. म्हणून पालकांकडून आधी शब्द घेतो.

माझ्या टेबलाच्या खणात आता पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. आकड्यांची बाजू मी पाहिलेली असते, दुसरी कोरी.