‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’च का?

प्रश्न : ऑफिसच्या ईमेलमध्ये मी ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टर्डे’ असं लिहिलं. साहेबांनी ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेन्ट’ केलं. ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ याचं इंग्रजी ‘हॅड गॉन’ नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साहेबांचं बरोबर आहे. तुमची चूक मराठीच्या सवयीतून आली आहे. मराठीत ‘गेलो होतो’ एकटं उभं राहतं. गेलो आणि परतही आलो, एवढं त्यातून कळतं. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र एकट्यानं करमत नाही. त्याला भूतकाळातलीच, पण नंतरची एखादी घटना सोबतीला लागते.

‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोचण्याआधीच गाडी सुटली होती. इथे नुसतं ‘लेफ्ट’ लिहिलंत, तर तुम्ही पोचलात आणि मग गाडी सुटली, असा अर्थ होईल. ही दुसरी घटना आधीच्या वाक्यात आलेली असली तरी चालते. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’नं क्रम स्पष्ट होत असेल, तर साध्या भूतकाळानंही भागतं.

रचना सोपी आहे : कर्ता कुणीही असो, ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणून ‘हॅड वेन्ट’ नव्हे, ‘हॅड गॉन’.

‘हॅड’ लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर मिळालं तर ‘हॅड’ ठेवा. नाही तर साधा भूतकाळ.