रोहिणीच्या पाण्याचा धडा
(माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासपाठ)



शाळेतील भांडणे बहुधा क्षुल्लक कारणावरून सुरू होतात. बाकावरची जागा, नळावरची रांग, एखादा टोमणा. परंतु त्यापायी मैत्री तुटते, कधी कधी शाळाही सुटते. म्हणून भांडण मिटविणे शिकले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात रोहिणी नदीचा प्रसंग आहे. शाक्य व कोलीय, दोघांचीही शेती याच नदीच्या पाण्यावर. सिद्धार्थ २८ वर्षांचा असताना पाण्यावरून दोघांच्या सेवकांत मारामारी झाली. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी कुरापत कोणी काढली याची चौकशी करा, आपल्या माणसांकडूनही आगळीक झाल्याचे ऐकतो, असे त्याने सांगितले. आपले दोन, त्यांचे दोन आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी निवाडा करावा, ही त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली. अखेर सिद्धार्थाला गृहत्याग करावा लागला. परंतु पुढे लोकमत पालटले आणि उभय पक्षांनी प्रत्येकी पाच प्रतिनिधी नेमून पाणीवाटपासाठी कायमचे लवाद मंडळ मान्य केले.

हीच पद्धत वर्गात वापरा :

१) दोन्ही बाजूंनी दोन-दोन विद्यार्थी व त्यांनी निवडलेला पाचवा बसावा.
२) एकाने बोलताना दुसऱ्याने मध्ये बोलू नये. नंतर ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे.
३) प्रत्येकाने आपली एक चूक प्रथम सांगावी.
४) 'नळ कोणाचा?' असे न विचारता 'पाणी सर्वांना कसे मिळेल?' असे विचारावे.
५) ठरलेले लिहून सह्या कराव्यात. आठ दिवसांनी पुन्हा पाहावे.

मात्र एक भेद विसरू नका. जातीवरून अपमान, मारहाण वा छळ हे दोघांचे भांडण नव्हे, तो अन्याय आहे. तेथे तडजोड करावयाची नसते. तात्काळ शिक्षकांना व पालकांना सांगावे. अशा अत्याचारांविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. समेटाच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसविणे म्हणजे शांती नव्हे.

स्वाध्याय :
१) पाचवा माणूस चौघांनी मिळून का निवडावा?
२) सूचना फेटाळली गेली म्हणून सिद्धार्थ चुकला काय? चर्चा करा.