एकटी फाइल आणू नका

प्रोग्रॅमवर डबल-क्लिक केलं की तो उघडायच्या ऐवजी एक छोटी चौकट येते. 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल' नावाची फाइल सापडली नाही म्हणून पुढे जाता येत नाही, प्रोग्रॅम पुन्हा बसवून पाहा, असा तिच्यातला इंग्रजी मजकूर. 'ओके' दाबलं की चौकट जाते आणि प्रोग्रॅमही जातो. मग बहुतेक जण ते नाव गूगलवर टाकतात आणि फुकट डीएलएल देणाऱ्या एखाद्या साइटवरून तेवढी एक फाइल उतरवून घेतात. तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्त करताना याच एका पावलातून वाढलेलं दुखणं मी वारंवार पाहत आलोय.

आधी ही फाइल काय असते ते समजून घ्या. मेमरी मागणं, आकडेमोड, अक्षरं जुळवणं ही कामं सगळ्याच प्रोग्रॅमना लागतात. त्यांचा कोड प्रत्येकानं आपापल्या घरी न ठेवता, गावकीची भांडी असावीत तसा एका सामाईक फाइलीत ठेवलेला असतो. विंडोजवर अशा फाइलीला डीएलएल म्हणतात. सुरू होताना प्रोग्रॅम तिला आधी स्वतःच्या फोल्डरात शोधतो, मग सिस्टिम३२ आणि विंडोजच्या फोल्डरात, शेवटी पाथमध्ये नोंदलेल्या जागांवर. कुठेच मिळाली नाही की ती चौकट येते.

लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांच्या दुकानातला प्रसंग सांगतो. ऐन लग्नसराईत संगणक हळू चालतोय म्हणून भाच्यानं साफसफाईला हात घातला. कंट्रोल पॅनेलमध्ये त्याला 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++' या नावाच्या ओळीनं नोंदी दिसल्या. एकच गोष्ट इतक्या वेळा कशाला, म्हणून सर्वांत नवी ठेवून त्यानं बाकीच्या काढून टाकल्या. पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम तिथेच बंद पडला. चौकटीत नाव होतं 'एमएसव्हीसीआर१००.डीएलएल'. भाच्यानं ती फाइल एका साइटवरून घेऊन सिस्टिम३२ मध्ये टाकली, पण फाइल नाही हीच तक्रार कायम राहिली. दुसऱ्या साइटवरची आणून प्रोग्रॅमच्या फोल्डरात टाकली, तर शून्य-एक्स-सीपासून सुरू होणारा आणि ७बी नं संपणारा नवाच एरर आला. शेवटी सगळ्या डीएलएल आपोआप दुरुस्त करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम बसवला. त्यानं शेकडो चुका दाखवून पैसे मागितले आणि ब्राउझरचं पहिलं पानही बदलून टाकलं. "रोज नवीनच काहीतरी मागतोय हा," काका हतबल होऊन म्हणाले.

आणलेल्या फाइली मी काढल्या, तो दुरुस्तीवाला प्रोग्रॅम हटवला, पूर्ण स्कॅन केला आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ २०१० चा मूळ संच बसवला. पत्रिकांचा प्रोग्रॅम लगेच उघडला.

त्या प्रत्येक नोंदीमागे वेगळ्या आवृत्तीच्या डीएलएलचा संच असतो. त्या डुप्लिकेट का नव्हत्या, ते सांगितलंच पाहिजे. १९९० च्या दशकात प्रत्येक नवा प्रोग्रॅम विंडोजच्या सामाईक फोल्डरात आपली आवृत्ती टाकायचा आणि आधीची पुसायचा. मग जुने प्रोग्रॅम कोसळायचे. जाणकार त्याला 'डीएलएल हेल' म्हणत. विंडोज २००० नं स्वतःच्या फाइली अशा पुसू देणं थांबवलं आणि २००१ च्या एक्सपीपासून वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय आली. आज यादीत ओळीनं दिसणाऱ्या नोंदी त्याच धड्यातून आल्या आहेत. जागा थोडी खातात, खाऊ द्या. त्यांना हात लावू नका.

व्हिज्युअल सी++ च्या हरवलेल्या फाइलीचा संच तिच्या नावातच लिहिलेला असतो. एमएसव्हीसीआर किंवा एमएसव्हीसीपी या अक्षरांपुढे १०० असेल तर २०१० चा संच, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. नाव १४० चं असेल तर २०१५ पासूनचा एकच एकत्र संच. नवा संच २०१० ची जागा घेत नाही. भाच्याची गफलत तिथेच झाली होती. मुलांचा जुना गेम 'डी३डीएक्स९_४३' मागत असेल, तर ती फाइल डायरेक्टएक्सच्या जून २०१० च्या संचात मिळते. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी हा संच वेगळा बसवावा लागतो. म्हणून 'ओके' दाबण्याआधी मोबाइलवर चौकटीचा फोटो काढा. "कुठलीशी डीएलएल नाही म्हणतोय" एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही.

संच एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) असे दोन मिळतात. संगणक ६४ बिटचा असला तरी दोन्ही बसवा, कारण जुना प्रोग्रॅम बहुधा ३२ बिटचा असतो. इथे भल्याभल्यांची दिशाभूल होते. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि ज्याच्या नावात ६४ आहे त्या सिसवाव६४ मध्ये ३२ बिटच्या. ३२ बिटच्या प्रोग्रॅमनं सिस्टिम३२ मागितलं तरी विंडोज त्याला सिसवाव६४ कडेच नेतं. काकांकडे पहिली फाइल सापडली नाही ती त्यामुळे. दुसरी ६४ बिटची निघाली, म्हणून तो आकड्यांचा एरर. इन्स्टॉलर प्रत्येक फाइल तिच्या जागी ठेवतो, तुम्हाला हे फोल्डर उघडावेही लागत नाहीत. 'रेगएसव्हीआर३२' नं फाइल नोंदवा, असा सल्लाही सर्रास मिळतो. तो ठरावीक प्रकारच्या डीएलएलपुरता असतो, या फाइलींना लागू होत नाही.

विंडोजची स्वतःचीच फाइल बिघडली असेल, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ कमांड चालवा, मग एसएफसी स्कॅननाऊ. पण व्हिज्युअल सी++ चे संच विंडोजचा भाग नाहीत, म्हणून एसएफसी ते भरून देत नाही.

कधी फाइल अँटिव्हायरसनं उचललेली असते. त्याच्या क्वारंटाइनमध्ये पाहा. प्रोग्रॅम क्रॅक केलेला असेल तर ती फाइल परत आणू नका आणि त्या फोल्डराला सूटही देऊ नका. क्रॅकचा बदल बहुधा त्याच डीएलएलमध्ये असतो.

लिनक्सवर अशा फाइलीच्या नावात 'एसओ' असतं. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि 'लिबएसएसएल.एसओ.१.१' मागणारे प्रोग्रॅम अडले. नव्या फाइलीला जुन्या नावाची लिंक देऊन भागवू नका. नाव जुळलं तरी आतली फंक्शन्स जुळत नाहीत. १.१.१ चा मोफत आधारही सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. 'एलडीडी' नं काय कमी आहे ते पाहा, पॅकेज मॅनेजरमध्ये शोधा, आणि नसेल तर त्या प्रोग्रॅमचीच नवी आवृत्ती घ्या.

अनोळखी डीएलएलबद्दल मी इतका आग्रही आहे, कारण ती प्रोग्रॅमच्या आत चालते आणि त्याचे सगळे अधिकार तिला मिळतात. प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलात तर तीही तशीच चालते. अशी फाइल आधीच बसवून वापरली असेल, तर ती काढा, मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन करा, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. स्कॅनमध्ये काही सापडलं, तर कामाच्या फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्यानं बसवा. काकांचे पासवर्ड आम्ही त्याच संध्याकाळी बदलले, त्यांच्या मुलीच्या फोनवरून.